घरवाट मंत्राची अट

माझा नवरा जगदेव दर रविवारी दुपारी दोन ते पाच देव असतो. बाकीच्या वेळी सरपंच. खरं तर सरपंच मी आहे, महिला राखीव जागेवर रीतसर निवडून आलेली. पण माझा शिक्का त्याच्या शर्टाच्या खिशात राहतो आणि लोक कामं घेऊन त्याच्याकडे येतात. म्हणतात ना, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. गावाचं नाव सांगत नाही. अनसिंगहून मोटरसायकलवर पंचवीस मिनिटं लागतात, एवढं पुरे.

देव कसा, ते सांगते. जगदेव पुण्याला डिप्लोमा करायला गेला आणि अर्धा डिप्लोमा आणि एक अख्खा खेळ घेऊन परत आला. या खेळात पट नाही, पत्ते नाहीत, कोणी जिंकत नाही. तीन-चार जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, आणि एक जण गोष्ट चालवतो. तो म्हणतो, समोर दरी आहे, काय करता? तुम्ही म्हणायचं, उडी मारतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि फासा सांगेल तसं तुम्ही पलीकडे पोचता नाहीतर खाली. गोष्ट चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा. हे काम जगदेव दुसऱ्या कोणाला करू देत नाही. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, त्याच्या झेरॉक्स आणून त्यानं दोनशे पानी रजिस्टरमध्ये सगळं मराठीत उतरवलं. त्या रजिस्टरला तो जेवढं जपतो तेवढं पंचायतीच्या दप्तराला जपत नाही. मला तर नाहीच नाही.

आम्ही घरामागच्या टिनाच्या शेडात बसतो. निवडणुकीचा जुना फ्लेक्स उलटा अंथरून त्याच्या पांढऱ्या पाठीवर नकाशा काढतो. खालच्या अंगाला हात जोडलेली मी आणि माझ्या दुप्पट आकाराचा जगदेव. राक्षस म्हणून सरकी मांडतो, सैनिक म्हणून तुरीचे दाणे. माझं पात्र बिजली नावाची चोरटी आहे. माझी नणंद वैष्णवी तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करते, घरात झुरळ दिसलं तर खाटेवर चढते, पण खेळात ती दोन हातात दोन तलवारी घेऊन फिरणारी रणचंडी असते. आणि तिसरा राजपाल.

राजपाल आमच्या पंचायतीतल्याच तांड्यावरचा. जगदेव आणि तो पहिलीपासून एका बाकावर बसलेले. त्याचं पात्र भीमला, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारा व्यापारी. राजपाल दरवर्षी दिवाळी झाली की बायकोला, संगीताला, घेऊन ऊसतोडीला जातो आणि पोहरादेवीच्या यात्रेच्या तोंडावर परत येतो. तेवढे महिने भीमलाला ताप चढतो. आम्ही त्याला बेशुद्ध अवस्थेत बैलावर टाकून गोष्टीत पुढे नेत राहतो. चार वर्षांत तो माणूस दोन वर्षं बेशुद्ध होता आणि तरीही आमच्यात सगळ्यात जास्त राक्षस त्यानंच मारले.

आता खरी गोष्ट. राजपालचं घर म्हणजे तुराट्यांच्या कुडाच्या तीन भिंती आणि चौथीला ताडपत्री. यंदा त्यानं घरकुलाला अर्ज केला होता. त्याला सरपंचाचा रहिवासी दाखला जोडायचा होता आणि सोमवारी शेवटची तारीख होती. तीन रविवार तो प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज घेऊन खेळायला येत होता, आणि तीनही रविवारी जगदेवनं त्याला सांगितलं, "कायम राह्यनारा लागते रे राज्या. तू सहा मयने बाहीर. मी तं देतो, पन नियमात बसत नाई. पाहू." नियमात बसत नाही हे खरंच असेल असं मी धरून चालले होते. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. राजपालचं नाव गळालं की यादीत खालचं नाव वर सरकणार होतं, आणि खालचं नाव माझा चुलतदीर पवन याचं होतं. पवननं निवडणुकीत आमच्यासाठी तीन महिने मोटरसायकल पळवली होती. मी यावर काही बोलले नव्हते. घरचं घरात ठेवावं, एवढी अक्कल सासरी लवकर येते.

तर तो चौथा रविवार, शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशीचा. सोयाबीन काढून झालं होतं, शेडात पोती लागली होती, आणि आम्ही पोत्यांना टेकून एका डोंगराच्या पोटात अडकलो होतो. वैष्णवीच्या रणचंडीनं रागाच्या भरात भिंतीवर तलवार घातली, भिंतीमागे तळं निघालं, आणि पाणी आत आलं. जगदेव असल्या वेळी फार खुलतो.

"पानी घोट्याले," तो म्हणाला. "आता गुडघ्याले. बाहीरचं दार बंद. काय करता?"

राजपालनं सरळ सांगितलं, "घरवाट मारतो."

हा मंत्र भीमलाला एका बैराग्यानं दिला होता. त्यासाठी राजपालनं दोन पावसाळे खेळून काढले होते आणि आजवर तो वापरला नव्हता. आमच्याकडे मंत्र नुसता मारतो म्हणून लागत नाही. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असतात तेव्हा म्हणतात तशी झडती स्वतः जुळवून म्हणावी लागते, आणि बाकीच्यांनी शेवटी हर बोला म्हणायचं. पुण्याच्या पुस्तकात नसलेला हा आमचा नियम आहे. बैरागी, ब्रह्मराक्षस, कोणीही असो, मंत्र म्हणायचा तर यमक जुळवून. आम्ही तिघांनी हात धरले. राजपाल गुडघ्यावर उभा राहिला आणि शेड दणाणून सोडलं:

"पानी चढलं कमरेले, बैल लागले हंबराले,
उघड दार घरा बापा, भीमला आला उंबऱ्याले!"

"हर बोला!" आम्ही ओरडलो. दारात सुपात मूग पाखडत बसलेल्या माझ्या सासूबाई, गोजराबाई, त्याही सवयीनं ओरडल्या.

जगदेव मात्र रजिस्टर उघडून बसला. थुंकी लावून पानं उलटली आणि वाचलं. "पान एकशे बारा. घरवाट. हा मंत्र म्हणणाऱ्याला आणि त्याचा हात धरलेल्या साथीदारांना तत्काळ त्याच्या घरी पोचवतो. घर म्हणजे म्हणणारा जिथे कायम राहतो ती जागा. असे घर नसल्यास मंत्र वाया जातो." मग मान वर केली. "भीमला कोठी राह्यते?"

"तांड्यासंगं," राजपाल म्हणाला.

"तांडा कोठी राह्यते?"

"तांडा चालते ना बाप्पा."

"मंग झालं. कायम राह्यते अशी जागाच नाई. मंत्र वाया. पानी कमरेले."

वैष्णवी उसळली. तिनं त्या आठवड्यात महसूल कायद्याचे तीन धडे पाठ केले होते आणि ते कुठंतरी खपवायचे होते. "थांब दादा! कायमची व्याख्या कोठी हाये रजिस्टरात? व्याख्या नसन तं नेहमीचा अर्थ घ्या लागते. कायम म्हंजे रोज थोडीच असते. तू म्हनतो ना, मी कायम वावरात असतो. मंग तू रोज जातो काय वावरात?"

"रोज जातो."

"कदी?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

जगदेवनं ते ऐकलं नाही असं दाखवलं. वैष्णवीनं दुसरा डाव टाकला. "बरं, घर म्हंजे जेथी मानूस झोपते. भीमला पालात झोपते. मंग पाल त्याचं घर. न्या आमाले पालात."

"पाल कोठी हाये?"

"घडी घालून बैलाच्या पाठीवर."

"न बैल?"

बैल आमच्याच शेजारी, त्याच पाण्यात उभा होता.

"मंजूर," जगदेव खूश होऊन म्हणाला. "मंत्र लागला. तुमी तिघं बैलाच्या पाठीवर जाऊन बसले. पानी बैलाच्या गळ्याले."

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "झोपन्याचं सोडा. घर म्हंजे जेथी आपली चूल हाये ते. भीमलाची माय कोठीतरी चूल पेटवतच असन ना?"

"तुहं पात्र चोर हाये," जगदेव म्हणाला, "तू कायदा नको शिकवू."

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. हा खेळ म्हणजे थोराड पोट्ट्यांचा वेडेपणा आहे असं त्यांचं मत, पण वाद कोणताही असो, त्यांना त्यात बोलायचा हक्क आहे असंही त्यांचं मत. "मले सांगा," त्या म्हणाल्या, "त्या भीमलाले लग्नाची पत्रिका कोठी येते?"

"काय?"

"मानूस हिंडो कोठीई. सोयऱ्याची पत्रिका जेथी येते तेथी त्याचं घर. पत्रिका वाटनाऱ्याले बराबर मालूम असते कोन कोठचा."

"आई, नियमात पत्रिका नाई लिवली."

"मंग नियम लिवनाऱ्याच्या घरी कदी लगनच झालं नसन."

वैष्णवी पोत्यावर लोळून हसली. मीही. जगदेवही हसला असता, पण त्याची नजर राजपालवर गेली. राजपाल हसत नव्हता. तो अजून तसाच गुडघ्यावर होता.

"जगदेव," तो म्हणाला, "ते कायमवालं पुन्हा वाच."

जगदेवनं वाचलं.

"हे पुस्तकात असंच हाये?"

"म्या सोता उतरवलं ना लेका."

"उतरवलं ते मालूम हाये. पुस्तकात काय हाये ते इचारून राह्यलो."

झेरॉक्सचा गठ्ठा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत होता. जगदेव म्हणाला कशाला उगीच, पण वैष्णवी तोवर पेटी उघडून बसली होती. परीक्षेच्या तयारीचा एक फायदा असा की पान शोधायला वेळ लागत नाही. तिनं बोट ठेवून वाचलं, मनातल्या मनात अर्थ लावला, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "दादा, अठी कायम नाई."

"नीट पाह्य."

"नीटच पाह्यते. म्हननारा ज्या जागेले आपलं घर मानते, तेथी तो पोचते. बस. एवढंच हाये. वायाबियाचंई काही नाई. ते तू घातलं."

जगदेवनं रजिस्टर मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा चेहरा कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा झाला होता. "अबे, तसंच ठुलं असतं तं कोनीई उठून कोन्याई जागेले घर म्हनलं असतं," तो म्हणाला. "खेळात काई अडचन नको काय? म्हनून टाकली अट. काई वंगाळ मनात नवतं."

आणि मला तो खरं बोलतोय हे कळत होतं. जगदेव वाईट माणूस नाही. चार वर्षांत त्यानं आमचं एकही पात्र मरू दिलेलं नाही. मरायला आलं की त्याचा फासा पोत्यांमागे पडतो आणि तो म्हणतो, चांगला आला, वाचले. पण त्याच्या हातात नियम दिला की त्याला त्यात आपल्या पदरची एक ओळ घालावीशी वाटते, आणि मग ती ओळ पहिल्यापासून तिथंच होती असं तोच मानून बसतो.

"बरं चाल," जगदेवनं हात झटकले. "चुकलं. पुस्तकात हाये ते खरं. भीमलाचं घर हाये. कोठी जायाचं सांग राज्या, म्या पोचवलं. फासाई नको टाकू."

म्हणजे आम्ही वाचलो. वैष्णवीनं टाळी वाजवली. मी बिजलीचा तुरीचा दाणा उचलायला हात पुढे केला.

"नको," राजपाल म्हणाला.

"काय नको?"

"भीमलाले घर नको. बुडू दे."

"अरे पन आमी तुहा हात धरून हावो ना!" वैष्णवी किंचाळली.

"हात सोडून द्या मंग." राजपाल खाली बसला. त्याचा आवाज चढला नव्हता. "भीमला मुकाट्यानं दोन साल बैलावर पडून राह्यला, मराले टेकला, तं त्याले तू एका मिनिटात घर देल्लं. फासाबी नाई टाकू देल्ला. मी तुह्या मांगं तीन आठवडे हिंडून राह्यलो. माहा बाप या गावात मेला. माहे दोन पोट्टे या गावच्या शाळेत हायेत, आजीपाशी राह्यतात न शिकतात. ऊस तोडाले जातो तं काय हौस म्हनून जातो? तेथी मले इचारतात कोन गावचा, तं मी या गावाचं नाव सांगतो. न अठी तू मले सांगतो का मी कायम नाई."

"ते येगळं हाये राज्या," जगदेव म्हणाला. "हा खेळ हाये. ते सरकारी काम हाये. तेथी म्या अट नाई टाकली. सरकारनं टाकली."

"कोठी?" मी विचारलं.

खरं सांगते, हा प्रश्न मी विचार करून विचारला नाही. वैष्णवीच्या बोटाखालचं ते पान अजून माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि तोंडातून निघून गेलं.

"काय कोठी?"

"सरकारनं कोठी टाकली अट? अर्ज दाखवा."

राजपालनं पिशवीतून अर्ज काढला आणि मला दिला. तीन आठवडे तो माझ्या घरात येत-जात होता आणि मी तो आज पहिल्यांदा हातात घेत होते. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. उलटून मागचं पान वाचलं. मग दाखल्याचा नमुना वाचला, चार ओळींचा. दाखला देण्यात येतो की अमुक-अमुक हे या गावचे रहिवासी आहेत. पुढे वर्षांसाठी मोकळी जागा, आणि खाली सरपंचाची सही आणि शिक्का.

"अठी कायम कोठी हाये?" मी जगदेवला विचारलं.

तो उठून माझ्या खांद्यावरून वाचू लागला. बराच वेळ वाचत होता. "नमुन्यात नसन," तो म्हणाला, "पन अर्थ तोच होते ना."

"कोनं सांगतलं तोच होते?"

"मंजुषा, तू यात पडू नको. उद्या चौकशी लागली तं सही तुही असन, फसशीन तू. म्या तुह्यासाठीच थांबून राह्यलो." मग आवाज खाली आणून, जणू बाकीचे तिघं सोयाबीनची पोती आहेत, "न पवनचं काय करू? त्याले काय सांगू?"

वैष्णवी माझ्याकडे पाहू लागली. तिला पवनचं माहीत नव्हतं. राजपालला माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सगळ्या गावाला माहीत असणार. माझं डोकं फिरलं. पवनवर नाही, जगदेववरही पुरतं नाही. माझ्या नावानं, मला वाचवण्यासाठी म्हणून, माझ्याच शिक्क्यानं हे चाललं होतं, आणि मी दर रविवारी समोर बसून बिजली होऊन कुलपं फोडत होते.

"शिक्का द्या," मी म्हणाले.

"घरी गेल्यावर पाहू."

"घरीच हावो आपन. द्या."

जगदेवनं आईकडे पाहिलं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. अडला की तो तिकडेच पाहतो. सासूबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं.

"माह्याकडे काय पाह्यतो? तिच्या नावाचा हाये ना?" त्या म्हणाल्या. "दे न मोकळा हो. पवन्याले मी सांगते. त्याचं घर सिमेंटचं हाये, त्याले कायले पायजे घरकुल?"

त्यांनी हे आधी का नाही म्हटलं, असं माझ्या मनात आलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, आणि मीसुद्धा नाही.

जगदेवनं खिशातून शिक्का काढून फ्लेक्सवर ठेवला, तुरीच्या दाण्यांच्या मधोमध. मी घरातून पंचायतीचं छापील लेटरहेड आणि शाईची डबी आणली. दाखला हातानं लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं. वर्षांच्या जागी आले तेव्हा थांबून राजपालला विचारलं, किती लिहू?

"पस्तीस," तो म्हणाला. "माहं वय हाये तेवढे."

पस्तीस लिहिले. सही केली. दोन वर्षांत मी शेकडो सह्या केल्या होत्या, पण कशावर करते हे वाचून केलेली ही पहिली. शिक्का दाबला, तो जरा तिरका उमटला. जगदेव रजिस्टरच्या पानावर खाडाखोड करत बसला होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता.

राजपालनं दाखला घेतला. वाचला. शाईवर फुंकर मारली, अर्जाला टाचणी लावली आणि सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. मी वाट पाहत होते. खोटं कशाला बोलू, तो आभार मानेल याचीच वाट पाहत होते. काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "हे तं तुमाले पहिल्या रविवारीच जमलं असतं."

रागानं नाही म्हणाला. मूग आणले का, असं विचारावं तशा आवाजात म्हणाला. पिशवी काखेत धरली, चप्पल घातली आणि सासूबाईंना येतो म्हणून निघून गेला. वैष्णवीनं हळूच विचारलं, मग आपण बुडालो की वाचलो? जगदेव रजिस्टरात खोडतच राहिला. आधीच्या तीनही रविवारी मी राजपालच्या समोर दोन हातांवर बसले होते, आणि मधल्या सुट्टीत त्याला चहासुद्धा मीच करून दिला होता.